नाला उपसावा, पण खर्च कोणाच्या खात्यावर?



जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो आणि परतताना नणंदेच्या गावी थांबलो. गाव कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं. तिच्या घरामागचा नाला मी तिच्या लग्नापासून पाहतेय. उन्हाळ्यात तळाची वाळू दिसायची. या वेळी तिथे गुडघाभर काळपट चिखल होता आणि उन्हात कोळशाची कणी चमकत होती.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचायला आधी वरची माती आणि दगड काढतात. त्याचे डोंगर नदीनाल्यांच्या जवळ उभे राहतात. पाऊस ती माती खाली आणतो, नाल्याचं पात्र उथळ होतं, मग पुढच्या वर्षी निम्म्या पावसातही पाणी शेतात शिरतं. सोयाबीन गेलं त्याचं नणंदेला दुःख होतंच. पण शेतावर बसलेला तो थर वाळून भांड्याच्या खापरासारखा कडक झाला, त्याची तिला जास्त धास्ती होती.

गावकऱ्यांनी वर्गणी काढून जेसीबीने नाला उपसायचं ठरवलं. मी आमच्या महिला मंडळात मदतीचा विषय काढला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "चातुर्मासात नाला उपसायचा? किती जीव मरतील!" काहीजणी हसल्या. मला मात्र काकूंचं बोलणं पटलं, अर्धं.

आपण पाणी गाळतो तेव्हा गाळण्यातले जीव कुठेही झटकत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडतो. नाल्यालाही हीच जयणा लावता येईल. काम होळीनंतर करा, पात्र कोरडं असताना. डोह सोडून द्या, कारण उन्हाळ्यात मासे तिथेच जीव धरून असतात. वरचा काळा थर काढा, खालची मूळ वाळू खरवडू नका. आणि काढलेला गाळ काठावर टाकू नका, नाहीतर पहिल्याच पावसात तो पुन्हा आत. नाला न उपसणं ही अहिंसा आहे असं मला वाटत नाही. त्या चिखलाखाली जे गुदमरून मेलं, ते कोणत्या हिशेबात धरायचं?

हिशेबाचं निघालंच तर, मी बी.कॉम. झालेली बाई आहे, मला खतावणी आधी दिसते. धंद्यातला नफा खाणीच्या खात्यावर आणि गाळ काढायचा खर्च गावाच्या वर्गणीत, ही नोंद चुकीची आहे. कोळसा मंत्रालयाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्यासाठी खाणवाल्यांना एस्क्रो खात्यात दरवर्षी पैसे भरायला लावले होते, तेव्हा उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये धरून. म्हणजे जमिनीची मोडतोड हा धंद्याचाच खर्च आहे, हे सरकारनेही मानलंय. मग नाल्याचा खर्च तेवढा वेगळा का? ढिगाऱ्याभोवती चर नाही, पाणी निवळायचं तळं गाळाने भरलेलं, आणि आपण खाली श्रमदान करतोय! नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे हे.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत कोळशाचा धंदा आहे, जमीन खोदणं आहे, तळी सुकवणंही आहे. प्रतिक्रमणात आपण ते म्हणतो आणि घरी येऊन एसी लावतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि ते चालतं कोळशावरच. माझा मिक्सरही त्यावरच फिरत असेल. म्हणून खाणीकडे बोट दाखवताना माझा हात थोडा कापतो. पण म्हणून गप्प बसायचं, हेही मला मान्य नाही.

वर्गणीचे पैसे मी पाठवले. सोबत ग्रामसभेत विचारायला दोन प्रश्न लिहून दिले: निवळणीचं तळं शेवटचं कधी साफ केलं, आणि नाल्याकडचा ढिगारा पावसाळ्याआधी मागे सरकवणार का? काम होळीनंतरच करायचं, असं नणंद परवा फोनवर म्हणाली. प्रश्नांची उत्तरं खाणीकडून अजून आलेली नाहीत.