‘सरळ बस’ म्हटल्याने पाठ सरळ होत नाही

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान आणि विडी या दोन्ही कामांत पाठ वाकते. रोवणी काही दिवसांची असते, विडीचे काम मात्र बारमाही. मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढे. मजुरी हजारामागे मिळते, म्हणून बाई जागची उठत नाही. मग मान आणि खांदे दुखू लागतात, पाठ गोल होते.

अशा वेळी घरचे म्हणतात, ‘सरळ बस.’ कोणी बाजारातून पट्टा आणतो. माझे मत असे की, बहुतेकांना या पट्ट्याची गरज नसते. पट्टा खांदे मागे ओढतो, पण स्नायूंना बळ देत नाही. तो सोडला की पाठ पुन्हा होती तशीच. वाकून बसण्याने छातीचे स्नायू आखडतात व दोन्ही फऱ्यांमधले स्नायू अशक्त होतात. त्यावर इलाज व्यायामाचाच.

रोज दहा मिनिटे पुढील व्यायाम करावेत :

१) नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी. पाच सेकंद थांबावे.
२) दोन्ही फऱ्या एकमेकींजवळ आणाव्यात. पाच सेकंद थांबावे.
३) दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे न्यावी. वीस सेकंद थांबावे.
४) पालथे झोपून भुजंगासन करावे. कळ आली तर थांबावे.

पहिले दोन दहादा, शेवटचे दोन तीनदा. शिवाय शंभर विड्या झाल्या की उठून दोन मिनिटे चालावे. कितीही ताठ बसले तरी तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे वाईटच. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, तोवर धीर सोडू नये.

मात्र प्रत्येक कुबड व्यायामाने जात नाही. पाठदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्यावर शासकीय रुग्णालयात मोफत उपचार आहेत. वयस्कर स्त्रीची पाठ अचानक दुखून वाकली, तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. पायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी घरच्या मंडळींना सांगणे. विडीनंतर चूल, पाणी, भांडी हेही त्याच बाईच्या वाट्याला येते. तिला व्यायाम सांगून भागत नाही, वेळही द्यावा लागतो. रोजची दहा मिनिटे तिची कामे इतरांनी उचलावीत. औषधाच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडेल.