पेटीचा वारस

वडील माणसाने हौसेने घेतलेली आणि जन्मभर जपलेली हार्मोनियमची पेटी पुढे कोणाच्या हाती जावी, हा प्रश्न दिसावयास लहान, पण घरोघरी मनाला लागणारा आहे. रामाकोन्यासारख्या गावातून मुले पोटापाण्यासाठी छिंदवाड्यास, नागपुरास जातात. इकडे वडिलांची बोटे थकतात, आणि भजनाच्या रात्री गाजविणारी पेटी माळ्यावर चढते.

तेथे तिचे तीन वैरी टपलेले असतात : ओल, उंदीर आणि अडाणी हात. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. भात्याचे चामडे उंदीर कुरतडतात. पितळी सुरांचे काम तर त्याहून नाजूक. सुराची जीभ टोकाशी खरवडली तर स्वर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. प्रमाणाबाहेर खरवडली, की तो सूर वायाच गेला. म्हणून दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी.

ही पेटी मूळची परदेशची. पॅरिसच्या दबँ याने १८४२ साली तिचे हक्क घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजविता येईल असे तिचे हातभात्याचे रूप घडविले. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने तिला बंदी केली होती. तरी भजनाच्या बैठकीतून ती उठली नाही. एका हाताने दुसऱ्या हातास दिली, म्हणूनच ती टिकली.

पुण्याच्या दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला वस्तूंचा संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. त्यात जुनी वाद्येही आहेत. त्यांचे निधन १९९० साली झाले. म्हणजे दान त्यांनी हयातीतच केले. यातील शहाणपण आपण घ्यावे. मात्र संग्रहालयात वस्तू नुसती राहिली तरी चालते; पेटीला वाजविणारा हात हवा.

तेव्हा वाचकहो, अधिक मोल देणाऱ्यापेक्षा रोज रियाज करणारा शोधा. तो पोटचा मुलगाच असावा असे नाही. शेजारची एखादी मुलगीही असेल. तिला समोर बसवून भाता कसा हलका ओढावा, पेटी कोठे ठेवावी, कोणता सूर दमट हवेत रुसतो, हे सांगा. पेटी कोणाची, कधी घेतलेली, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. एकदा दिल्यावर मात्र "माझी पेटी" असे म्हणू नये. घेणाऱ्यानेही देणाऱ्याचे नाव पुसू नये, आणि सणावारी त्यांना बोलावून त्यांच्या आवडीचे एक भजन वाजवून दाखवावे. पेटी दिल्याचे दुःख तेवढ्याने पुष्कळ हलके होते.