वहिनींस कोण विचारतें?

दादांची कंबर गेल्या आश्विनांत दुखूं लागली. वय बहात्तर, त्यांत भाईंदरास चार मजल्यांची चढउतार, तेव्हां हा वातच, असा निर्णय आम्हीं घरच्या पुरुषांनीं परस्पर देऊन तेल चोळण्यांत दोन महिने घालविले. अखेर निदान झालें तें पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचें, आणि तो मणक्यांपर्यंत पोंचला होता. सुश्रुतानें मूत्राघातांत 'वाताष्ठीला' सांगितली आहे, अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड, हें आम्हांस पाठ. पण शेजारच्या खोलींतला सख्खा भाऊ रात्रीं पांच-पांच वेळां उठतो, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. वहिनींच्या आलें होतें. त्यांनीं बोलूनही दाखविलें, पण 'वयोमानानें व्हायचेंच' म्हणून आम्हीं तें उडवून लावलें.

शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखवून दिलें कीं, या रोगाचें पोषण पुरुषाच्या अंडग्रंथींतून रक्तांत उतरणाऱ्या द्रव्यावर होतें. तें तोडलें म्हणजे पसरलेला रोगही मागें हटतो. याबद्दल त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (परळचें टाटा रुग्णालय उघडलें तेंही १९४१ सालींच.) आज तेंच काम ठराविक महिन्यांनीं टोंचावयाच्या सुईनें होतें. हाडांत गेलेला रोग समूळ जात नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत वर्षानुवर्षें दबून मात्र राहतो. परंतु तें द्रव्य तुटलें कीं अंगांतून वाफा निघतात, घाम फुटतो, शक्ति जाते, दांपत्यजीवनांतील इच्छा मावळते आणि मन हळवें होतें.

हें सारें डॉक्टरांनीं आम्हां पुरुषमंडळींस सांगितलें. वहिनी बाहेर बांकावर बसल्या होत्या. विषय असा, त्यांच्यासमोर कसा काढावा, ही आमची मर्यादा!

पुढें समाचाराची रीघ लागली. मंडळी दादांभोंवतीं बसत, पथ्यें सांगत; चहा वहिनी करीत. महिन्याभरानें एका रात्रीं स्वयंपाकघरांत त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, हे रडतात. सेहेचाळीस वर्षांत कधीं पाहिलें नव्हतें. मी जवळ गेलें कीं तोंड फिरवतात. माझें कांहीं चुकलें का?"

ज्याचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, तो प्रश्न त्या महिनाभर एकट्या वाहत होत्या! आम्हीं तें सुईचें सर्व सांगितलें, अडखळत सांगितलें. त्या ऐकून इतकेंच म्हणाल्या, "मग हें त्यांनाही कुणीतरी नीट सांगा."

पुढच्या खेपेस वहिनी आंत बसल्या. (लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यांत कर्करोग्यांसही बसतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, दाखला मात्र जवळ असावा.) त्यांनीं विचारलें तें आम्हांस सुचलेंही नव्हतें: घरीं मीं काय पाहत राहावें? डॉक्टर म्हणाले, पाय लुळे पडूं लागले, बधिर झाले, लघवी अडली किंवा पाठीची कळ एकदम वाढली, तर सकाळची वाट पाहूं नका. मणक्यांतील रज्जूवर दाब येत असेल, तर तास मोलाचे असतात.

माघांत एका रात्रीं साडेअकराला वहिनींनीं आमचें दार वाजविलें. दादांच्या पायांतून चप्पल निसटत होती आणि निसटल्याचें त्यांस कळत नव्हतें. दादा म्हणत होते, "सकाळीं बघूं." वहिनींनीं गाडी बोलावलीही होती. त्याच रात्रीं औषध सुरू झालें, मागाहून मणक्यावर किरणोपचार झाले. आज दादा काठी घेऊन चालतात.

आतां दर बुधवारीं दुपारीं दादांपाशीं आम्ही बसतों आणि वहिनी मीरा रोडला बहिणीकडे जातात. पहिल्या बुधवारीं त्या तासाभरांतच परतल्या. कुकर कोण लावणार, म्हणे. परवां मात्र दिवेलागण होऊन गेली तरी आल्या नव्हत्या. दादा दोनदां घड्याळाकडे पाहून म्हणाले, "फोन करूं नकोस. बसूं दे तिला." मग भात आम्हीं लावला. खालीं लागला.