अनवाणी पाय

केळव्याच्या पानवेलीच्या वाडीत भर दुपारीही गारवा असतो. मऊ ओली माती, तीत रुतलेले अनवाणी पाय. अशाच सावलीच्या मातीत, कुणी उघड्यावर शौचाला बसलेलं असेल तर, अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात. बोटांच्या बेचक्यातून त्या कातडीत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळल्या की आतड्यात. तिथे चिकटून वर्षानुवर्षं रक्त पितात. पोट दुखेलच असं नाही. पोर नुसतं फिकट पडतं, धापा टाकतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो! राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते; ती जरूर द्या. पण गोळी पुढची लागण थोपवत नाही; त्यासाठी पाय झाकलेले हवेत. चिखलात चप्पल टिकत नाही, हे खरंच. मग मजुरांना गमबूट वाडीमालकांनीच द्यायला हवेत.