न पाहिल्याचे सोंग

खून आणि विनोद यांचे मिश्रण मला कधीच रुचले नाही. त्यामुळे ऑक्टोबर 2018 मध्ये चिरंजीवांनी ‘अंधाधुन’ची तिकिटे काढली, तेव्हा मध्यंतरात उठून येण्याच्या तयारीनेच मी गेलो.

उठलो मात्र नाही. दिग्दर्शक श्रीराम राघवन आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. कथाही पुण्यातच घडते. एक पियानोवादक अंधत्वाचे सोंग घेतो. लोकांची सहानुभूती मिळते, कामही मिळते. एके दिवशी तो एका घरी वादनास जातो, तो समोर प्रेत! पाहिले म्हणावे तर सोंग उघडे पडणार. तो वाजवीतच राहतो. प्रेक्षागृह हसत होते; मीही हसलो, आणि हसता हसता ओशाळलो.

नोकरीत असताना एका परिचित व्यापाऱ्याच्या गोदामाच्या तपासणीस गेलो होतो. स्टॉक स्टेटमेंटमधला माल तेथे नव्हता, हे दारातूनच दिसत होते. जुने संबंध, समोर आलेला चहा. मी पोती न मोजताच सही केली. पुढे खाते बुडाले आणि जामीन राहिलेल्या त्यांच्या धाकट्या बंधूंचे राहते घर गेले. त्या दिवशी मी बोललो असतो, तर कर्ज लहान असतानाच सावरता आले असते.

या चित्रपटास पुढे उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वाचकहो, अवश्य पाहा. आणि पेढीवर, गोदामात वा घरात काही खटकलेले दिसले, तर ते त्याच दिवशी बोलून टाका.