मातीच्या गाडीचे मोल

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत असतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला आहे. आता दासीने दिलेली मातीची गाडी त्याला नको आहे. तो रोहसेन आज आपल्या खेड्यापाड्यांत रडतो आहे. शहरातून आलेली, बॅटरीवर धावणारी मोटार पाहिली की स्वतःच्या हाताने केलेली बैलगाडी त्याला दरिद्री वाटू लागते.

वस्तुतः ती गाडी दरिद्री नव्हतीच. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची साल सोलायची, आतील मऊ गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्याच टोकदार काड्या टोचून चाके, आस, जू सांधायचे. ना खिळा, ना डिंक, ना पैसा. पावसाळ्यात रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासली की पुंगी तयार होई. पोळ्याच्या सुमारास काळ्या मातीतून बैलजोडी आकार घेई, दिवाळीत अंगणात किल्ला उभा राही. ऋतू, शेती आणि सण यांच्याशी बालमनाचे नाते असे सहज जुळत असे. आस तिरकी बसली की गाडी अडते, हे सांगायला पुस्तक लागत नसे.

हडप्पा, मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीच्या चिमुकल्या गाड्या सापडल्या आहेत. चार हजारांहून अधिक वर्षांचा हा वारसा एका पिढीच्या अनास्थेने तुटावा काय?

केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेले. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचे निकष सक्तीचे केले. ही पावले स्वागतार्हच होती. परंतु चिनी प्लास्टिकच्या जागी देशी प्लास्टिक आले, एवढ्याने स्वदेशीचे व्रत पूर्ण होत नाही. मूल दोन्हीकडे ग्राहकच राहते. स्वदेशीचा गाभा आहे तो स्वतःच्या हातांवरील विश्वास.

हे गरिबीचे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर बोर्डी आणि कोसबाडला मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच बालशिक्षणाचे साहित्य बनवले. ती नाइलाजाची तडजोड नव्हती, तो विचारपूर्वक स्वीकारलेला शिक्षणमार्ग होता.

आता ज्वारीच्या रानांत ऊस आणि सोयाबीन आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. जे पूर्वी आपोआप घडत होते, ते यापुढे जाणीवपूर्वक घडवावे लागेल. संस्कारवर्गात, बालशाखेत, सुटीतील शिबिरात महिन्यातून एक दिवस गावातील आजोबांना बोलवावे आणि मुलांपुढे ताटे, माती, चिंध्या ठेवाव्यात. घरोघरीच्या पालकांनीही वाढदिवसाला एखादे खेळणे विकत न घेता मुलासोबत बसून करावे.

रोहसेनाचे अश्रू थांबावेत म्हणून वसंतसेनेने आपले अलंकार मातीच्या गाडीत घातले. आपल्याला अलंकार द्यावयाचे नाहीत. द्यायचा आहे तो थोडा वेळ आणि कौतुकाची एक थाप. तेवढ्याने त्या गाडीचे सोने होईल.