थंडीच्या पहाटे अडखळणारे इंजिन

लासलगाव परिसरातून एका व्यापारी बंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे कारखान्यातूनच सीएनजी संच बसवून आलेली मोटार आहे. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला वडिलांना डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. थंडी पडू लागल्यापासून नेमके त्याच वेळी इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही. झालेच तर दोन-तीन मिनिटे थरथरते, अडखळते आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात सुरळीत चालू लागते. बॅटरी नवी घातली, फरक पडला नाही. आता गॅरेजवाले चारही इंजेक्टर बदलायला सांगत आहेत. बदलावेत काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

तूर्त बदलू नयेत. आधी निदान, मग खर्च. निफाड तालुक्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही ओसरतो. निरोगी इंजिन तरीही सुरू होतेच. सुरुवातीची काही क्षण वाढलेली गती हा दोष नव्हे. अडखळणे हा मात्र दोष आहे.

प्रथम कान द्यावा. स्टार्टर रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी किंवा तिची गंजलेली टोके पाहावीत. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना हा आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ती दुबळी समजावी. स्टार्टर चपळ फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे. पत्रातील वर्णन या दुसऱ्या प्रकारचे आहे. नव्या बॅटरीचे पैसे इथेच वाचले असते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक सीएनजी मोटारी थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन पुरेसे तापले की गॅसवर जातात. म्हणजे पहाटेची तक्रार ही बहुधा पेट्रोलच्या बाजूची तक्रार असते. आपल्याकडे मात्र गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाला टेकलेला! तेच चार लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते. त्यातील चटकन उडून जाणारा हलका अंश हळूहळू निघून जातो, आणि थंडीत पेट घेण्यासाठी नेमका तोच लागतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते. शिवाय पंप टाकीतच बसवलेला असतो, त्याला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते. गॅसवर वाचवलेले रुपये पंपाच्या बिलात जाण्याचा हा राजमार्ग आहे.

यावर तीन सोप्या परीक्षा आहेत. पहिली परीक्षा: रात्रभर उभ्या मोटारीची किल्ली ‘ऑन’वर आणावी, पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण थांबू द्यावी, किल्ली बंद करावी. असे तीनदा करून मग स्टार्टर फिरवावा. (बटणाच्या मोटारीत क्लच वा ब्रेक न दाबता बटण दाबावे.) एवढ्याने इंजिन झटकन सुरू झाले तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतो आहे. पंपातील झडप किंवा एखादा झिरपणारा इंजेक्टर असा संशय घ्यावा आणि दाबमापक लावून खात्री करावी.

दुसरी परीक्षा: इंजिन तापल्यावर खटका पेट्रोलवर टाकून आठ-दहा किलोमीटर चालवावे. तरीही अडखळत असेल तर इंजेक्टरवर साका बसला असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही आधी ते यंत्रावर साफ करून घ्यावेत. बदलणे हा शेवटचा उपाय. गरम इंजिन पेट्रोलवर सुरेख चालत असेल तर इंजेक्टर निर्दोष ठरण्याकडेच कौल जातो.

तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडते, कारण तिला काहीच उघडावे लागत नाही. पहाटे इंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनर जोडून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. रात्रभर उभ्या मोटारीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. हवा ८ अंश आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर कूलंटचा सेन्सर खोटे बोलतो आहे. संगणक त्यावर विश्वासून पेट्रोल कमी सोडतो आणि इंजिन उपाशी राहते. इंजेक्टरच्या मानाने हा सुटा भाग फारच स्वस्त असतो.

प्लगही तपासावेत, गॅस पेटवण्यास ठिणगीचा जोर अधिक लागतो, म्हणून सीएनजी मोटारीत ते वेळेवर बदलणे बरे. थ्रॉटल बॉडीवरील काजळी साफ करणे हे तर अर्ध्या तासाचे काम.

पत्रलेखकांनी जुने पेट्रोल प्रथम संपवावे, पाव टाकी ताजे भरावे, आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवरच चालवावे आणि पंधरा दिवसांनी कळवावे. दरम्यान कूलंट सतत घटत असेल व पांढरा धूर दाट येत राहत असेल, तर प्रयोग थांबवून हेड गॅस्केटची तपासणी करून घ्यावी. आणि वडिलांना आधी मोटारीत बसवून बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. मोटार उघड्यावर आणावी, मगच त्यांना बसवावे.